न्यू जर्सीतला पहिला हिवाळा आणि फ्लूची लस

ऑक्टोबर लागला की आपल्या ग्रुपवर थंडीची जाकिटं कुठे स्वस्त मिळतात याची चर्चा सुरू होते. फ्लूच्या लशीचं नाव कुणी काढत नाही. म्हणून लिहिते आहे.

लस सीव्हीएस, वॉलग्रीन्ससारख्या औषधांच्या दुकानांत मिळते. इथला इन्शुरन्स असेल तर बहुतेकदा फुकट. ऑक्टोबर संपायच्या आत घ्या, कारण तिचा परिणाम व्हायला दोन आठवडे लागतात. नऊ वर्षांखालच्या मुलाची पहिलीच वेळ असेल तर चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस.

आता तपासणी. सासरे डिसेंबरात आले होते. वय ७१, मधुमेह. ताप चढला, अंग मोडून आलं. अर्जंट केअरमध्ये (अपॉइंटमेंटशिवाय जाता येणाऱ्या दवाखान्यात) फ्लूसाठी नाकातून स्वॅब घेतला, पंधरा मिनिटांत निगेटिव्ह. मी निर्धास्त झाले. काढा, वाफारा, तापाची गोळी चालू. चौथ्या दिवशी त्यांना धाप लागली. हॉस्पिटलात पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी, जास्त अचूक तपासणी) केली तर इन्फ्लुएंझा ए, म्हणजे फ्लूच, आणि न्यूमोनियाही. सहा दिवस ठेवून घेतलं. व्हिजिटर इन्शुरन्सनं (पाहुण्यांसाठी घेतलेल्या विम्यानं) आधीपासूनच्या मधुमेहाकडे बोट दाखवून बरंचसं बिल नाकारलं. ते आम्ही दोन वर्षं फेडत होतो.

मला तेव्हा माहीत नव्हतं ते हे: अर्जंट केअरमधल्यासारख्या झटपट अँटिजेन (विषाणूचं प्रथिन शोधणाऱ्या) तपासणीत फ्लू असलेल्या दहांपैकी तीन ते पाच जण निसटू शकतात. पॉझिटिव्ह आली, तीही फ्लूच्या ऐन दिवसांत, तर बहुधा खरी. निगेटिव्हवर विसंबू नका. कुठली तपासणी केली ते विचारा, पीसीआरसारखी मॉलिक्युलर होते का विचारा. टॅमिफ्लू या फ्लूवरच्या गोळीचा खरा उपयोग लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांत. पासष्टीपुढचे, गरोदर बायका, दमा-मधुमेहवाले, लहान मुलं यांच्यासाठी डॉक्टर रिपोर्टची वाट न बघताही ती सुरू करू शकतात. तुम्ही स्वतःहून विषय काढा. आपली माणसं डॉक्टरला प्रश्न विचारायला संकोचतात. इथं विचारलेलं कुणाला खटकत नाही.

‘लस घेऊनही फ्लू झालाच’ हे दरवर्षी ऐकते. होतो. पण लस विषाणूशी जुळली त्या वर्षी डॉक्टरकडे जायची वेळ ४० ते ६० टक्क्यांनी कमी येते, आणि झालाच तर सहसा सौम्य जातो. इंजेक्शनमध्ये जिवंत विषाणू नसतो. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल.

आई-बाबा हिवाळ्यात येणार असतील तर आल्या आठवड्यातच लस द्या. पासष्टीपुढच्यांसाठी हाय-डोस (जास्त ताकदीची) लस मागा. व्हिजिटर इन्शुरन्स लशीचे पैसे सहसा देत नाही, खिशातून भरा. सासरे पुन्हा आले, तेव्हा तिसऱ्या दिवशी मी त्यांना फार्मसीत घेऊन गेले.