साखर कमी झालेली वेळीच कशी ओळखावी?

संकष्टी होती. चंद्रोदय रात्री उशिरा, पण मधुमेहाची गोळी आईने सकाळी नेहमीसारखी घेतलेली. संध्याकाळी ती कारण नसताना चिडू लागली, तेच तेच विचारू लागली. उपवासाने दमली असेल, असं समजून आम्ही अर्धा तास घालवला. साखर उतरली की मेंदूला इंधन पुरत नाही, त्यामुळे आपल्याला काय होतंय हे बऱ्याचदा त्या माणसालाच कळत नाही. ओळखायचं ते घरच्यांनी.

१. कपाळ, मान, तळहात चाचपा. उकाडा नसताना गार, चिकट घाम ही पहिली खूण. सोबत हात थरथरतात, छाती धडधडते, एकदम भूक लागते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे (उदा. प्रोप्रॅनोलॉल) धडधड आणि थरथर जाणवतच नाही, घाम मात्र येतो.

२. बोलतं करा. जीभ जड होणं, असंबद्ध उत्तरं, धूसर दिसणं, तोल जाणं म्हणजे साखर बरीच खाली गेली आहे. झोपेत घामाने भिजलेले कपडे, भयानक स्वप्नं आणि सकाळी ठणकणारं डोकं यांवरूनही संशय घ्या.

३. ग्लुकोमीटरने तपासा. 70 mg/dL च्या खाली कमी, 54 च्या खाली धोक्याची. यंत्र हाताशी नसेल तर शोधत बसू नका, पुढची पायरी गाठा.

४. शुद्ध असेल आणि नीट गिळता येत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर (सुमारे 15 ग्रॅम) पाण्यात विरघळवून पाजा. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर ग्लुकोजच हवं, साध्या साखरेचा गुण लवकर येत नाही. पेढा, चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमीच असेल तर तेवढंच परत द्या. सावरल्यावर पोटभर जेवू घाला, उपवास असला तरी.

५. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन लावा.

मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा अंमल बराच वेळ राहतो, साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. त्या रात्री माणसाला एकटं झोपू देऊ नका, डॉक्टरांना लगेच कळवा. आणि पुढची संकष्टी येण्याआधीच त्यांना विचारा, उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची.