शेती सल्ल्याचा मेसेज पाठवताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती बिनतारखेची चूक. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, त्यातला अंदाज पुढच्या ५ दिवसांचा असतो. आपण त्यातलं "उद्या पाऊस आहे, फवारणी थांबवा" एवढंच उचलून गटावर टाकतो. मेसेज पुढे गेला की व्हॉट्सॲपवर मूळ तारीख दिसत नाही, त्यामुळे आठवड्यानंतरही तो कुणासाठी तरी "उद्या"च राहतो. मी सेलूसाठी लिहिलेला असाच सल्ला सहाव्या दिवशी वसमतहून परत माझ्याकडे आला. तिथल्या एका काकांनी तो वाचून कोरड्या दिवशीही फवारणी थांबवली होती आणि अळी वाढली होती. ते मला अजून बोचतं. तारीख, तालुका आणि पीक पहिल्या ओळीतच लिहा.

दुसरी चूक औषधाच्या प्रमाणाची. शिफारस बहुधा १० लिटर पाण्याला असते, शेतकरी मोजतो पंपावर, आणि पाठीवरचा पंप १५, १६ नाहीतर २० लिटरचा. म्हणून "१० लिटरला ५ मिली, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला साडेसात" असं दोन्ही लिहा. बोलून पाठवत असाल तर आकडा दोनदा सांगा. दुकानातल्या नावासोबत औषधातला घटकही सांगा.

एका फोटोवर निदान करू नका. "सोयाबीन पिवळं पडलंय, काय मारू?" हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलं तर कोवळी पानं पिवळी होतात, पण शिरा हिरव्या राहतात. पिवळा मोझॅक या विषाणूच्या रोगात पानावर पिवळे-हिरवे चट्टे येतात. पाणी साचल्यानंही पीक पिवळं पडतं, तिथे फवारून उपयोग नाही. तेव्हा आधी तीन फोटो मागा: शेताचा, पूर्ण झाडाचा, पानाच्या खालच्या बाजूचा. पाणी साचलं होतं का, तेही विचारा.

लांबलचक पीडीएफ बांधावर कुणी उघडत नाही. एका मिनिटाचा आवाजी मेसेज ऐकला जातो.

आणि चुकीचा सल्ला गेलाच, तर नुसता डिलीट करू नका. पुढे गेलेल्या प्रती तशाच फिरत राहतात. "दुरुस्ती" असं ठळक लिहून, आधी काय चुकलं होतं ते सांगून, त्याच गटांवर त्याच दिवशी टाका. ज्यांनी प्रश्न विचारला होता त्यांना फोन करा.