कोलायडरच्या रचनेत एआय वापरताना या चुका टाळा

भावी कोलायडर, म्हणजे कणांचे झोत एकमेकांवर आदळवणारं यंत्र, आखताना एआय का लागतं, हे एका हिशेबात कळतं. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतल्या एलएचसी या कोलायडरच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात प्रोटॉन सेकंदाला सुमारे ११,२४५ फेऱ्या मारतो. सिम्युलेशनमध्ये त्याच्या १० लाख फेऱ्या मोजल्या, तरी ती प्रत्यक्षातली जेमतेम दीड मिनिटं होतात. बीम, म्हणजे कणांचा झोत, मात्र तासन्‌तास टिकायला हवा. हजारो आराखड्यांसाठी एवढं गणित परवडत नाही. म्हणून थोड्या आराखड्यांच्या निकालांवर एक झटपट मॉडेल शिकवतात, त्याला सरोगेट म्हणतात. ऑप्टिमायझर हा शोध घेणारा प्रोग्रॅम मग त्यालाच विचारत विचारत उत्तम आराखडा शोधतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हे उत्तर तसंच स्वीकारणं. ऑप्टिमायझरला फक्त जास्त गुण हवे असतात, आणि सरोगेट जिथे चुकून जास्त गुण देतं तिथे तो हमखास पोचतो. हजारात दहा ठिकाणी मॉडेल असं चुकत असेल, तर सर्वोत्तम म्हणून नेमके त्या दहांतलेच आराखडे पुढे येतात. लक्षण ओळखता येतं: चुंबकांच्या ताकदीचे आकडे दिलेल्या मर्यादेच्या कडेला चिकटलेले दिसतात, कारण तिथे ट्रेनिंगचा डेटा विरळ असतो. अशा वेळी वरचे वीसेक आराखडे पूर्ण सिम्युलेशनमधून काढा, निकाल डेटात मिळवा, मॉडेल पुन्हा शिकवा आणि पुन्हा शोध घ्या. चार-पाच सरोगेट वेगवेगळी शिकवली तर आणखी बरं. त्यांचं जिथे एकमत होत नाही, तिथे कुणावरच विसंबू नका.

टेस्टचे गुण फारच चांगले आले, तर डेटा कसा विभागलाय ते आधी बघा. खरा चुंबक आखल्या जागी तंतोतंत बसत नाही, साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका सरकतो. म्हणून सिम्युलेशनमध्ये अशा चुका मुद्दाम घालून तीच रिंग अनेकदा चालवतात. चुकांच्या प्रत्येक संचाला सीड म्हणतात. एकाच सीडमधले काही कण ट्रेनिंगला आणि काही टेस्टला गेले, तर मॉडेलनं ती एक रिंग पाठ केलेली असते. टेस्टसाठी अख्खे सीडच बाजूला ठेवा. केवळ बिनचूक रिंगवर शिकवलेलं मॉडेल तर वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे.

फक्त ल्युमिनॉसिटीच्या, म्हणजे टकरींच्या दराच्या, मागे लागणं हीही नेहमीची चूक. सर्नमध्ये आखणी सुरू असलेल्या सुमारे ९१ किलोमीटरच्या एफसीसी या भावी कोलायडरमध्ये पहिल्या टप्प्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन फिरवायचे आहेत. वळताना ते प्रारणातून ऊर्जा गमावतात. बीमची ऊर्जा दुप्पट केली की फेरीमागचा तोटा १६ पट होतो. एलएचसीच्याच बोगद्यात आधी असलेल्या एलईपी या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरमध्ये अखेरच्या काळात दर फेरीला सुमारे ३ टक्के ऊर्जा जायची. म्हणून एफसीसीत हा तोटा दर बीममागे ५० मेगावॉटवर बांधलाय. ही मर्यादा न सांगितल्यास ऑप्टिमायझर बीमचा करंट वाढवतच राहतो. नुसते गुण कापून भागत नाही, कारण थोडे गुण सोडून तो पुढे जातो. मर्यादा पक्कीच घाला.

१९ सप्टेंबर २००८ रोजी, एलएचसीत पहिला बीम फिरून नऊच दिवस झाले असताना, दोन चुंबकांमधला विजेचा एक जोड निकामी झाला. चुंबक थंड ठेवणारा हेलियम बाहेर पडला, चुंबकांचं नुकसान झालं आणि यंत्र वर्षाहून जास्त काळ बंद राहिलं. बीमच्या गणितात असा जोड कुठेच नसतो. एआयनं काढलेला आराखडा चुंबक आणि वीजजोडणीच्या इंजिनिअरांना लवकर दाखवा. 'हे बसणार नाही' असं ते म्हणाले, तर किती बसेल तो आकडा विचारून घ्या आणि मर्यादा म्हणून पुढच्या शोधात घाला.