बरसीमची लागवड: या चुका टाळा

हिवाळ्यात दुभत्या जनावरांना हिरवी वैरण मिळावी आणि पुढच्या पिकाला चांगला बेवड (आधीच्या पिकामुळे जमिनीत राहणारा कस) लाभावा, या दुहेरी हेतूने महाराष्ट्रातील बागायती भागात बरसीम हे द्विदल चारापीक घेतले जाते. ‘उगवले, पण वाढले नाही’ ही त्याबद्दलची नेहमीची तक्रार असते, आणि तिचे मूळ बहुधा पेरणीच्या दिवशीच सापडते.

बरसीमच्या बियाण्यात कासनी या तणाचे बी मिसळलेले असते. ते काढण्यासाठी बियाणे पाच ते दहा टक्के मिठाच्या द्रावणात टाकून वर तरंगणारे हलके बी फेकून द्यावे, हे अनेकांना ठाऊक असते. मात्र त्यानंतर बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुण्याचा कंटाळा केला जातो. मग मिठाचा अंश राहिलेल्या बियाण्यावर जिवाणू संवर्धक (मुळांवर गाठी करून हवेतील नत्र म्हणजे नायट्रोजन पिकाला मिळवून देणाऱ्या रायझोबियम जिवाणूंचे मिश्रण) चोळले, तर ते जिवाणू तिथेच मरतात. दुसरी चूक याहून महागात पडते. घरात हरभऱ्याचे किंवा सोयाबीनचे रायझोबियम शिल्लक आहे म्हणून तेच वापरले जाते, पण बरसीमच्या मुळांवर त्याच्या गाठी धरत नाहीत. बरसीमसाठीचेच संवर्धक, १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणात, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. संवर्धक मिळालेच नाही, तर पूर्वी जिथे बरसीम उत्तम आले होते त्या शेतातील ओलसर माती नव्या वाफ्यात मिसळण्याचा जुना उपाय आजही उपयोगी पडतो.

पीक महिन्याचे होऊनही पिवळे व खुजे दिसत असेल, तर युरियाची गोणी फोडण्याआधी एक रोप खुरप्याने मातीसकट काढावे. उपटल्यास गाठी मातीतच तुटून राहतात. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी रंग दिसला तर नत्र स्थिर होत आहे आणि पिवळेपणाचे कारण साचलेल्या पाण्यात शोधावे. गाठी नसतील किंवा आतून पांढऱ्या असतील, तरच युरियाचा हलका हप्ता द्यावा. सरसकट युरिया दिल्यास गाठी धरण्याचेच थांबते.

पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत उरकावी आणि बी एक-दीड सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. पहिली कापणी साधारण ५० ते ५५ दिवसांनी व पुढच्या २५ ते ३० दिवसांच्या अंतराने येतात, तरी दिवस मोजण्यापेक्षा बुडातून नवे फुटवे निघालेले पाहून विळा लावणे अधिक खात्रीचे असते. जमिनीलगत कापल्यास हेच फुटवे छाटले जातात, म्हणून चार बोटे खुंट ठेवावा.

वैरणीच्या बाबतीतली चूक जिवावर बेतू शकते. दव असलेले कोवळे बरसीम उपाशी जनावरापुढे टाकल्यास पोटफुगी होते. डावी कूस फुगलेली दिसताच पशुवैद्यकाला बोलवावे. कापलेला चारा काही तास सुकवून कडब्याच्या कुट्टीत मिसळून घातल्यास हा धोका बराच कमी होतो.

उन्हे तापू लागल्यावर ‘अजून एक कापणी’ म्हणून पाणी देत राहण्याचा मोह मात्र आवरावा, कारण एप्रिलमध्ये वाढ मंदावते आणि पाण्याचा खर्च चाऱ्यातून निघत नाही. त्याऐवजी शेवटच्या कापणीनंतरची फूट वाफशावर (जमिनीत मशागतीपुरती ओल असताना) नांगरून गाडावी आणि ती कुजण्यास दोन-तीन आठवडे दिल्यानंतरच पुढची पेरणी करावी.