परदेशी पाककृती करण्यापूर्वी देश पाहावा
इंग्रजी पाककृती तंतोतंत पाळूनही पदार्थ बिघडत असेल, तर ती कोणत्या देशातली आहे हे आधी पाहावे. ओव्हनचे तापमान केवळ फॅरनहाइटमध्ये दिले असल्यास ती बहुधा अमेरिकी असते. तशा कृतीत ‘कॉर्न फ्लोअर’ म्हणजे मक्याचे बारीक पीठ समजावे. सूप दाट करण्यासाठी आपण वापरतो ती पांढरीशुभ्र, बोटांत करकरणारी पूड तिथे ‘कॉर्नस्टार्च’ या नावाने मिळते. ‘कोरिअँडर’ म्हणजे तिथे सहसा धणे, कोथिंबिरीला ‘सिलँट्रो’ म्हणतात. ब्रिटिश कृतीतले कॉर्नफ्लोअर मात्र आपलेच.

ऑस्ट्रेलियन कृतीत टेबलस्पून जपून मोजावा, कारण ब्रिटन-अमेरिकेत 15 मिलिलिटरचा असणारा हा चमचा तिथे 20 मिलिलिटरचा असतो आणि बेकिंग पावडर घालताना एवढा फरकही केकला चांगलाच भोवतो.