पन्हाळा ते पावनखिंड : घरच्यांबरोबर, तुकड्यातुकड्याने

जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, ती वाट आजही चालता येते. पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंत अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास भरतं. ट्रेकिंगचे ग्रुप ते दोन दिवसांत उरकतात. आठ-दहा वर्षांची मुलं आणि साठी ओलांडलेले आई-बाबा बरोबर असतील तर त्या वेगाने जाण्यात अर्थ नाही. कोल्हापूरकरांना तर हा रस्ता घराजवळचा आहे. चार रविवार द्या आणि नीट बघत चाला.

तुकडे पाडताना किलोमीटर मोजत बसू नका. गाडी कुठे पोहोचते ते आधी बघा, कारण बहुतेक कुटुंबांचा बेत तिथेच फसतो. मुलं चालून दमली, अंधार पडायला आला आणि गाडी उभी आहे डोंगराच्या पलीकडे, अशी वेळ येते. दोन गाड्या असतील तर सकाळी एक शेवटच्या ठिकाणी लावून यायची. एकच असेल तर चालवणारा माणूस वेगळा ठेवा आणि भेटायचं ठिकाण व वेळ घरून निघतानाच पक्की करा. वाटेत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, फोनवर ठरवू म्हणाल तर जमणार नाही.

पहिला तुकडा पन्हाळा ते मसाई पठार. गडावरच्या राजदिंडीतून उतरायचं आणि तुरुकवाडी, म्हाळुंगे करत पठार गाठायचं. मुलांसह चार ते पाच तास धरा. पठारावर मसाई देवीच्या देवळाकडे गाडी येते. दुसरा तुकडा पठारावरून कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी करत करपेवाडीपर्यंत. तिसरा करपेवाडीहून आंबेवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडीकडे. चौथा म्हसवडे, पांढरेपाणी आणि पावनखिंड. पाटेवाडीच्या बाजूला पावसात गाडी कुठपर्यंत येते हे आदल्या आठवड्यात गावात विचारून घ्या. रस्ता खचला असेल तर तिसऱ्या तुकड्यात अर्ध्यावरून मागे फिरायची तयारी हवी. चौथ्याला मात्र अडचण नाही, मलकापूरहून विशाळगडाकडे जाणारा रस्ता पांढरेपाणी आणि पावनखिंडीवरूनच जातो.

तुकडा जिथे संपतो तिथे थांबून मोबाईलवर ठिकाण सेव्ह करा आणि देऊळ, शाळा, पाण्याची टाकी असं काहीतरी फोटोत घ्या. दोन महिन्यांनी परत याल तेव्हा भात वाढलेलं असतं किंवा कापलेलं असतं, आणि तीच जागा ओळखू येत नाही. पूर्ण वाटेचा जीपीएस ट्रॅकही घरीच ऑफलाइन उतरवून ठेवा.

मसाई पठारावर हे विशेष लागतं. जांभ्याचं सपाट, उघडं माळरान, त्यावर गुरांच्या दहा वाटा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही इतकं धुकं. अशा वेळी सगळ्यांनी एका रांगेत चालायचं. पुढे वाट ओळखणारा, शेवटी एक मोठं माणूस, मुलं मध्ये. मुलाच्या गळ्यात शिट्टी द्या आणि चुकलास तर जिथे आहेस तिथेच उभा राहून वाजव, हे त्याच्याकडून दोनदा म्हणून घ्या. मे महिन्यातल्या वळवात आणि परतीच्या पावसात पठारावर वीज पडण्याचा धोका असतो. ढग दुपारनंतर भरून येतात, म्हणून त्या दिवसांत बारापर्यंत पठार सोडलेलं बरं.

कधी जायचं? पहिल्या तुकड्यासाठी सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. गवत हिरवं असतं, पठारावर फुलं असतात आणि पाऊस उतरलेला असतो. शेवटचे दोन नोव्हेंबर-डिसेंबरसाठी ठेवा, तेव्हा ओढे आटोपशीर असतात. १२-१३ जुलैच्या आसपास वाटेवर मोठी गर्दी असते आणि पाणंदीचा नुसता रबडा होतो. लहान मुलांना घेऊन त्या दिवसांत जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

तरीही पावसात जाणार असाल तर ओढ्यांचा नियम एकच : मुलाच्या गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उतरायचं नाही. पाणी गढूळ होऊन काटक्या-पालापाचोळा वाहायला लागला की वर पाऊस झालाय असं समजा. पाऊस थांबल्यावर छोटा ओढा तास-दोन तासांत उतरतो. तेवढं थांबा, नाहीतर परत फिरा. वाडीत कुणी दिसलं की विचारायचं, “मावशी, पुढच्या वड्याला पाणी किती हाय?” नकाशापेक्षा हे उत्तर ताजं असतं.

शेवटच्या दोन तुकड्यांत झाडी दाट होते आणि ओलाव्यात जळवा भेटतात. लांब, घट्ट विणीचे मोजे घाला आणि पँट त्यांत खोचा. दर अर्ध्या तासाने एकमेकांचे पाय बघा. चिकटलेली जळू ओढून काढू नका. तोंडाच्या बाजूने नख सरकवलं की ती सुटते. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून जखम लहान असूनही बराच वेळ वाहते. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरलं की थांबतं. या जंगलात गवेही आहेत. दिसले तर थांबा, आवाज करू नका, त्यांना जाऊ द्या. गवा आणि त्याचं पिल्लू यांच्या मध्ये कधीही येऊ नका.

भातखाचरांतून जाताना बांधाच्या मधोमध, एकामागून एक चाला. बांध कडेने ढासळला की खाचरातलं पाणी निघून जातं आणि त्या घरचं नुकसान होतं. मुलांना हे कारण सांगितलं की ती आपणहून जपून चालतात.

सामानात प्रत्येकी दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, गूळ-शेंगदाणे, आणि धपाटे किंवा चपातीबरोबर शेंगदाण्याची चटणी. ओली भाजी दुपारपर्यंत आंबते, ती नको. छत्री पठारावरच्या वाऱ्यात उलटते, मुलांना वेगळी पँट असलेला रेनकोट द्या. जीन्स भिजली की जड होते आणि मांड्या सोलवटतात. बुटांना खोल खाचांचा तळ हवा, कारण ओल्या जांभ्यावर शेवाळ धरतं. कोरडे कपडे पाठीवर वाहू नका, शेवटच्या गाडीत ठेवा.

कोल्हापुरातून साडेपाचला निघा, सातला चालायला लागा. दुपारी एकपर्यंत अर्ध्याहून कमी वाट झाली असेल तर जवळच्या वाडीत तुकडा संपवा. पावनखिंडीत घळीत उतरायला लोखंडी शिड्या आहेत. ओल्या असताना एका वेळी एकानेच, शिडीकडे तोंड करून उतरायचं आणि लहान मुलाच्या खालच्या पायरीवर मोठ्याने राहायचं. घळीत पाण्याला जोर असेल तर वरूनच बघा. पुढे विशाळगडावर जायचं असल्यास प्रशासनाने त्या दिवसांत काय नियम आणि वेळा लावल्या आहेत, ते आधी विचारून घ्या.