अ‍ॅलिस ऑस्टिनसारखे आपल्या भागाचे फोटो कसे काढायचे
आपल्या भागाचे फोटो काढून ठेवायचेत ना, मग न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या फोटोग्राफर अ‍ॅलिस ऑस्टिनची (१८६६–१९५२) पद्धत बघा. सुरुवात घरच्यांपासून, मैत्रिणींपासून करा, ओळखीची माणसं कॅमेऱ्यासमोर मोकळी असतात, मग रस्त्यावर जा, तिनेही पोस्टमन, झाडूवाले, पेपर विकणारी पोरं टिपलीच की. पण खरी गोष्ट म्हणजे नोंद! बाई निगेटिव्हच्या (म्हणजे फोटो उमटलेल्या काचेच्या प्लेटच्या) पाकिटावर तारीख, वेळ, उजेड, एक्स्पोजर (प्लेटवर किती वेळ उजेड पडू दिला ते) सगळं लिहायची, आणि हे कधी, तर घरात नळ नाही, त्या काचेच्या प्लेटा बागेतल्या पंपावर धुवायच्या अशा काळात. तुम्ही निदान नाव आणि जागा त्याच दिवशी लिहा, नंतर लिहू म्हटलं की राहतंच. आणि फोटो विचारून काढा, एक प्रिंट त्या माणसालाही द्या.